छप्पनच्या दुष्काळातले अडतीस वर्षांचे मामाजी

अकोला,
ता. ६ जून १९६१
(एकोणीसशे पूर्ण लिहिलं आहे. आता जन्मभर असंच लिहीन.)

तीर्थस्वरूप मामाजींच्या पायांशी जवाई खुशालराव याचा साष्टांग नमस्कार. लोक नमस्कार घालून उठतात, मी अजून उठलेलो नाही. तुम्ही ऊठ म्हणेपर्यंत तसाच पालथा पडलेला आहे असं समजून पुढचं वाचावं. मामीजींचे गुडघे कसे आहेत? मागं पाठवलेलं तेल लावतात, की कोनाड्यात ठेवून दिलं? तुमचा खोकला? म्हैस व्याली का? (हे सगळं मनापासून विचारतो आहे, मुद्दा टाळायला नाही. थोडं टाळायलाही.) धोंड्याचा महिना सरत आला आणि जावयाला अजून बोलावणं नाही, याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ज्यानं सासऱ्याला तसलं पत्र धाडलं, त्याच्या ताटात अनारशांऐवजी खरेखुरे धोंडे वाढले तरी तो मुकाट्यानं खाईल.

एक विनंती आधीच करून ठेवतो. हे पत्र जिनिंगच्या इंजिनावरच्या अय्युबमियाँकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून, दार लोटून, स्वतः वाचा. तुम्हाला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. आणि रागाच्या भरात मधेच फाडू नका, कारण यात तुमच्या जमादारीचा प्रश्न आहे. परतवाड्याच्या जिनिंगच्या किल्ल्या तुमच्या कमरेला राहतात की जातात, ते या पत्राच्या शेवटापर्यंत ठरायचं आहे.

मामाजी, सगळं त्या यंत्रापायी झालं. आमच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात साहेबलोकांनी एक यंत्र आणलं. ते कागद वाचत नाही, पुठ्ठ्याच्या कार्डाला पाडलेली भोकं वाचतं. माणसामागे एक कार्ड. त्याचं नाव, काम, जन्मसाल, पोरंबाळं, सगळं भोकात. ते शिकायला अकोल्याहून हेडक्लार्क म्हणून मला पाठवलं. मी परत आलो तो जमिनीवर पाय नव्हते माझे. (तुमची शकुन तेव्हाच म्हणाली होती, "लय उडून नोका राहू.") त्या कार्डावर जन्मसालासाठी घरं दोनच. तिथल्या साहेबानं सांगितलं होतं की पुढचे दोन आकडे लिहायचे नाहीत, एकोणीसशे धरूनच चालायचं, जागा वाचते. मला ते फार आवडलं. मी इकडे येऊन सगळ्यांना तेच सांगत सुटलो, जागा वाचते, जागा वाचते. जशी काही जागा माझ्या वावरातली होती.

मग प्रत्येकाचं जन्मसाल भरायची वेळ आली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कुठलं आलं इसवी साल? कोणी प्लेगातला, कोणी पुराच्या वर्षातला. तुम्ही आपले सरळ सांगून मोकळे झालात, "मी छप्पनच्या दुष्काळातला." आता हे छप्पन म्हणजे सेठ लोकांच्या संवतातलं एकोणीसशे छप्पन, हे आमच्या ऑफिसात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळलं. मी हिशेब करून त्याचं अठराशे नव्याण्णव केलं, चार लोकांना करून दाखवलं आणि ऐटीत दोन घरांत लिहिलं, नव्याण्णव. (तसंच छप्पन लिहिलं असतं तर यंत्रानं तुम्हाला पाच वर्षांचं करून टाकलं असतं. देवाची तेवढी कृपा.)

यंत्र बिचारं मुकं जनावर. त्यानं एकसष्टातून नव्याण्णव वजा केले. जात नाहीत. आपण असतो तर थांबलो असतो, डोकं खाजवलं असतं. त्यानं उलटे वजा केले आणि खाली छापलं, अडतीस. शेषराव, जमादार, परतवाडा, वय अडतीस, मुलं पाच. त्या पाचांत थोरली शकुन, वय बत्तीस. म्हणजे सहाव्या वर्षी तुम्ही बाप झालात, हे त्याला खटकलं नाही. मला खटकायला पाहिजे होतं. पण यंत्रानं छापलेलं वाचायचं नसतं, त्याच्याखाली सही करायची असते, असा माझा समज झाला होता.

त्याच यादीवरून कंपनीनं पंचेचाळिशीच्या आतल्या, तीनाहून जास्त लेकरं असलेल्या माणसांना त्या शिबिराची पत्रं काढली. (शिबिराचं नाव पुन्हा लिहायला हात धजत नाही. पाळणा थांबवायचं शिबिर, एवढंच म्हणतो.) खाली सही माझी. शंभर पत्रांवर सह्या केल्या, एकाचंही नाव वाचलं नाही.

पुढचं शकुनला तिच्या भावानं सांगितलं आणि शकुननं मला, भांडी आपटत. जिनिंगच्या आवारात सगळे भाकरी खायला बसले होते. टपालवाला आला. पाकिटावर माझी सही पाहून तुम्ही खूश झालात. चष्मा घरी होता म्हणून पत्र अय्युबमियाँच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "मोठ्यानं वाच, माह्या जवायाचं हाये." अय्युबमियाँनी वाचायला घेतलं. "आपले वय अडतीस व अपत्ये पाच असल्याने..." इथवर आले आणि थांबले. म्हणाले, "जमादार, आगे मेरे से नहीं पढ़ा जाता. शरम आती." तर तुम्ही म्हणालात, "लेका, शरम कायची? जवाई हेडक्लार्क हाये माह्या. वाच." आणि त्यांनी वाचलं. सगळं. त्यात डॉक्टर काय करणार तेही होतं.

मामाजी, मी जेव्हा जेव्हा हे आठवतो तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते पत्र चुकीचं होतं त्याची लाज एकवेळ परवडली. पण तुम्ही ते अभिमानानं मोठ्यानं वाचायला लावलंत, हे गळ्याखाली उतरत नाही. मामीजींनी म्हणे दोन दिवस दाराबाहेर तोंड काढलं नाही. शकुननं त्याच दिवशी चारही पोट्टे घेतले आणि परतवाड्याची मोटार धरली. जाताना एवढंच म्हणाली, "माह्या बापाले तुमी चारचौघात उघडं केलं." मी उंबऱ्यात उभा होतो, पायात एकच चप्पल. थांब म्हणायचीही लाज वाटली.

मग तुमचा निरोप आला: त्याले म्हणा, माह्यं वय दुरुस्त कर, नाही तं तोंड नोको दाखवू. निरोप रास्त. पण मामाजी, त्या यंत्राचं दुसरं एक पत्र तुमच्यापर्यंत आलं नाही, कारण त्याच्या मते तुम्ही तरणेताठे. जे अठ्ठावन्नच्या वर आहेत त्यांना या महिन्यापासून घरी बसवायचं, असा हुकूम आहे. बार्शीटाकळीचे मोतीराम काटेवाले साठीचे, त्यांना पत्र मिळालं. ते आता रोज सकाळी उठून जिनिंगच्या फाटकाबाहेर दगडावर बसतात, आत कोणी घेत नाही. तुम्ही त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. सगळ्या कंपनीत एकोणीसशेच्या आधी जन्मलेलं, तुमच्याएवढं म्हातारं माणूस नाही, आणि तेवढ्यानंच तुम्ही वाचला आहात. वय दुरुस्त केलं तर इज्जत राहते, किल्ल्या जातात. नाही केलं तर किल्ल्या राहतात, आणि शिबिराला जावं लागतं. तुम्ही किल्ल्या उशाखाली घेऊन झोपता हे मला माहीत आहे. मामीजी सांगतात, कूस बदलताना वाजतात.

तेव्हा काय करायचं ते तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. शकुनला आणि पोट्ट्यांना सांभाळावं. लहान्याला रात्री पाणी लागतं. कळावे, लोभ राहिलाच नसेल, तरी थोडा असावा.

आपला लाजिरवाणा जवाई,
खुशाल

ता. क. वर जे विचारलं ते खोटं विचारलं. तुम्हाला विचारायच्या आधीच मी दुरुस्ती मुंबईला धाडली होती. तुमच्या इज्जतीसाठी नाही. ऑफिसात लोक मला विचारायला लागले होते की काहून हो, सासरे तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठे, तुम्ही दोघं एकाच वर्गात होते का? ते ऐकवेना, म्हणून त्याच संध्याकाळी लाल शाईनं लिहून टाकलं. घरी बसवायचा हुकूम तेव्हा माझ्या टेबलावरच पडला होता, मी वाचलेला होता. स्वतःच्या तोंडाला काळं लागू नये म्हणून मी तुमच्या किल्ल्या देऊन टाकल्या. याहून जास्त काय सांगू? मले लाज वाटते, मामाजी.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत मुंबईचं टपाल आलं, म्हणून घडी घातलेलं पत्र पुन्हा उघडलं. किल्ल्या वाचल्या! मी अठराशे नव्याण्णव पूर्ण लिहिलं होतं. पण घरं दोनच, म्हणून भोकं पाडणाऱ्यानं पुढचे दोन आकडे उचलले, अठरा. मागचे टाकून दिले. तुम्ही आता एकोणीसशे अठरातले, वय त्रेचाळीस. पाया पडावं अशी चूक केली त्यानं. फक्त पंचेचाळिशीला अजून अवकाश असल्यामुळे शिबिराचं दुसरं पत्र निघालं आहे. खाली सही माझीच आहे. या वेळी वाचून केली. साहेब म्हणतात, जो शिबिराला येणार नाही त्यानं वयाचा दाखला घेऊन अकोल्यास समक्ष भेटावं. म्हणजे दाखला आला की किल्ल्या गेल्या.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. शिबिर आणि किल्ल्यांचा हा पेच मी शकुनला आधीच कळवला होता, तिचं उत्तर याच टपालात आलं. पोस्टकार्डावर, मामाजी, पोस्टकार्डावर! शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी वाचल्यावर ते माझ्या हातात पडलं. लिहिते, "बाबाच्या नावानं तुमीच जा. आपल्याले चार झाले, पुरे झाले. जाऊन आले का घरात घेतो." मी दोन दिवस विचार केला असं लिहायला आवडलं असतं, पण दुसरा रस्ताच नाही. शिबिर परतवाड्यालाच आहे, पण डॉक्टर बाहेरगावचा, तो ना तुम्हाला ओळखत ना मला. अय्युबमियाँ दारावर नावं पुकारायला आहेत, त्यांना तेवढं विश्वासात घ्यावं. त्यांनी शेषराव, उम्र तैंतालीस, असं पुकारलं की मी खाली मान घालून उठेन. येत्या रविवारी सकाळच्या मोटारीनं येतो. बोलावणं नाही हे माहीत आहे, तरी येतो. अनारसे नकोत, मऊ भात चालेल. मागच्या खोलीत कोपऱ्यात पडून राहीन. मात्र कंपनीच्या कागदावर शस्त्रक्रिया तुमची झालेली असेल आणि विचारपूस करायला लोक तुमच्याकडे येतील. तेव्हा तेवढे चार दिवस ओसरीवर खाट टाकून पडावं, ही हात जोडून विनंती. दुखेल मला, कण्हायचं तुम्ही.