सूनबाईनं वाचलेला शेवट

अहो, ऐकताय ना?

बोलतेय मी, लिहितेय सूनबाई. तुम्ही आहात तिथं पोस्टमन जात नाही, तरी लिही म्हटलं.

तुम्ही गेल्यानंतर काल पहिल्यांदा तुमचा तो इटलीवाल्यांचा काउबॉयचा सिनेमा लावला. तोच, धुळीचा, घामट चेहऱ्यांचा. गोळी झाडायच्या आधी अर्धा तास नुसते एकमेकांकडे डोळे वटारून बघतात मेले! खालची अक्षरं तुम्ही मला वाचून दाखवायचात, म्हणून काल सूनबाईला शेजारी बसवलं.

शेवटी तो घोड्यावर बसतो आणि दारातली बाई त्याला काहीतरी विचारते. तुम्ही दरवेळी वाचायचात, "संध्याकाळपर्यंत येतो." सूनबाईनं वाचलं, "माझी वाट बघू नकोस."

जन्मभर थापा मारल्यात की हो! आधी मला हसू आलं. मग घर फार मोठं वाटायला लागलं.

म्हटलं, "पुन्हा लाव. या वेळी तुझ्या सासऱ्यांसारखं वाच, मला बरं वाटेल असं."

पोरगी जरा घुटमळली. मग म्हणाली, "तो म्हणतोय, चल, तूही बस मागे."

बाई दारातच उभी राहिलेली मला दिसत होती. तरी म्हटलं, "छान वाचलंस गं."

तुमचीच,
अजून इथेच असलेली