तुमच्या लेकाने काढलेले माझे फोटो

आत्या,

तुमच्या लेकाने काल पुन्हा माझा फोटो काढला. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला. आता त्यांच्याकडे मोबाईल आहे, बटणाचा आवाजही होत नाही, पण मागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे हे मला अजून न बघता कळतं. मी म्हटलं, या वयात काय उरलंय काढण्यासारखं. त्यांनी मोबाईल खिशात घातला. बोलत नाहीतच ते, तुम्हाला माहीत आहे. रात्रभर तुमची आठवण येत राहिली, म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसले.

बमरोलीच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत मी लग्न होऊन आले, त्यानंतर दोनेक दिवाळ्या झाल्या असतील, तेव्हा तो पहिला कॅमेरा घरात आला. खिशात मावेल एवढा, काळा, कडेला थोडा खरचटलेला. मिलमधल्या कुणाचा तरी भाऊ परदेशातून आला होता, त्याच्याकडून यांनी तो घेतला. हे साड्या छापायच्या मिलमध्ये, रंग मिसळण्याच्या खात्यात. दिवसभर गुलाबीत किती पिवळा टाकायचा ते बघून बघून यांची नजर अशी झाली होती की मी घरात वावरताना यांना काहीतरी दिसायचं आणि हे उठून कॅमेरा आणायचे. नळावर हंडा भरताना, गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालताना, केसांची वेणी अर्धी घालून पिन दातात धरलेली असताना. समोर बघ, हस, असं कधी म्हणाले नाहीत. छपाईत डाग राहिलेल्या साड्या मिलमधून कामगारांना मिळायच्या, त्याच मी नेसायचे. डाग कुठे आहे ते आधी पाहून घ्यायचं आणि निऱ्या अशा घालायच्या की तो बरोबर आत जाईल. पदर मी इथल्या गुजराती बायकांसारखा उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायला लागले होते, तो तुम्हाला आवडायचा नाही. यांना मात्र त्या सगळ्याचंच अप्रूप. माझी नेसायची रीत, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बांधायची सवय, हे सगळं त्या रोलांमध्ये आहे.

तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात, "जित्ता मानूसना कसाले फोटो?" मला वाटलं, जिवंत माणसाचा फोटो नको, हे जुन्या बाईचं जुनं बोलणं. हसलेही असेन मनात. मग एका दुपारी आपण दोघी तांदूळ निवडत बसलो होतो आणि तुम्ही आपणहून सांगितलंत की मामंजींचा एकच फोटो आहे, गावाकडे पेटीत, आणि तो ते गेल्यावर काढलेला. तालुक्याहून फोटोवाला येईपर्यंत सगळे थांबले होते. मामंजींना खुर्चीत बसवलं, मागून एकाने मान धरली. तुम्ही तो फोटो कधी भिंतीला लावू दिला नाहीत. सांगून झालं आणि तुम्ही सूप झटकून उठलात. त्यानंतर हे कॅमेरा घेऊन उभे राहिले की तुम्ही आत का निघून जाता ते मला कळलं.

कोड पहिल्यांदा माझ्या बोटांवर दिसलं. चुना लागला असेल म्हणून मी घासत बसले होते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते मनगटावर आलं, मग ओठांच्या कडेला, मग डोळ्याखाली. डॉक्टर झाले, वैद्य झाले. बावचीचं तेल लावून मी सकाळच्या उन्हात बसायचे आणि कातडी भाजून फोड यायचे. चाळीतलं हळदीकुंकू तुम्हाला आठवत असेल. त्या बाईने सगळ्यांना बोटाने कुंकू लावलं आणि माझ्यापुढे आल्यावर नुसता करंडा पुढे धरला, तुझं तू लाव. मी लावलं आणि घरी आले. त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले, भाजीला जाणं सोडलं. आणि एका सकाळी मी तेल लावून गच्चीत बसलेली असताना यांनी कॅमेरा उचलला, तेव्हा मी ओरडले. मला आता असं बघू नका म्हटलं. यांनी कॅमेरा कपाटात ठेवला. अर्धा रोल तसाच आत राहिला. यांनी मला एका शब्दाने समजावलं नाही, त्याचाही मला राग आला होता आणि समजावलं असतं तर अधिक आला असता.

मग तुमच्या लेकीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा जळगावकडचा, इथेच पांडेसऱ्यात नोकरीला, घर चांगलं. तुमचे दीर आदल्या दिवशी येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले की सुनेला तेवढा दिवस कुठेतरी पाठवा, घरात असलं काही आहे म्हटलं की लोक मुलीच्याही अंगावर शोधतात. त्यात त्यांना वाईट म्हणावं असं काही नव्हतं. मी दाराआडून ऐकलं आणि मीच पुढे होऊन सांगितलं की बारडोलीला माझी मावसबहीण आहे, सकाळच्या बसने जाते. हे भिंतीला टेकून उभे होते. नणंदेने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तुम्ही दिरांचं ताट वाढायला उठलात. मला वाटलं, झालं ठरलं.

ती सकाळ मला अजून समोर दिसते. मी पिशवी भरून दारात चप्पल घालते आहे. तुम्ही आतून येता, नुकत्याच न्हालेल्या, लुगडं ओलसर, आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन खाटेखाली सरकवता. पोपटी साडी नेस म्हणता. चहा तूच द्यायचा म्हणता. दीर काही बोलायला तोंड उघडतात तर तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणता, "हाई मनी सून शे. घरमाच ऱ्हाई." आणि मग लेकाला म्हणता, कॅमेरा आण.

यांना पटकन कळलंच नाही. तुम्ही मला दाराबाहेरच्या ओट्यावर बसवलंत, शेजारी स्वतः बसलात, पाय जुळवून, दोन्ही हात मांडीवर. मी हात पदराखाली घेतले, तर तुम्ही ते बाहेर काढून तुमच्या हाताशेजारी ठेवलेत. "काढ आते," एवढंच म्हणालात. तुमचा जिवंतपणी काढलेला तो पहिला फोटो. त्यात तुमचे डोळे इतके ताणलेले आहेत की अजूनही मला बघवत नाही. तुम्ही किती घाबरलेल्या होतात ते मला तेव्हा कळलं नाही, रोल धुऊन आल्यावर कळलं.

पाहुणे आले. मी चहा दिला. मुलाच्या आईने कप घेतला, खाली ठेवला आणि तो तसाच राहिला. कळवतो म्हणून गेले आणि नाही म्हणून कळवलं. दीर वर्षभर आपल्या दारात आले नाहीत. नणंद कित्येक दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची, आणि तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. तिचं लग्न पुढे झालं, चांगलं झालं, नवसारीत तिचा संसार आहे, नातवंडं आहेत. पण ती वाट बघण्याची वर्षं तिच्या वाट्याला आली ती त्या सकाळमुळे. तुम्हाला ते ठाऊक होतं. दोन्ही पारड्यांत तुमचीच माणसं होती आणि तुम्ही निवड केलीत. त्यावर तुम्ही पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीत, मीही काढला नाही. कॅमेरा मात्र परत कपाटात गेला नाही. पहिला बिघडला तेव्हा यांनी दुसरा घेतला. मी आता जवळजवळ सगळी पांढरी झाले आहे आत्या, आणि ते कसं कसं पसरत गेलं हे त्या फोटोंत कुणालाही दिसेल, पण बघणारा तिकडे बघतच नाही. त्याला बघायला मिळतं की ही बाई पिशवी डाव्या खांद्याला लावते, उन्हात एक डोळा बारीक करते.

गावाहून पत्रं यायची ती मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. तुम्हाला त्रास होईल अशी एखादी ओळ आली की ती गाळून पुढे जायचे, आणि मला वाटतं तुम्हाला ते समजायचं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुम्ही असतात तर हेही मीच वाचलं असतं. म्हणून लिहिते. तुम्ही पिशवी खाटेखाली सरकवलीत तेव्हा मला तुमचा राग आला होता. मला जायचंच होतं. बारडोलीला मावसबहिणीच्या मागच्या खोलीत दार लावून बसायचं होतं, कुणी न बघता. तो राग पुष्कळ दिवस राहिला. मी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवलं असतं, तर या एवढ्या ओळी गाळल्या असत्या.