टोपलीतलं एक संत्रं

भाऊ,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे. तरी हे लिहायला बसताना सदऱ्याचं वरचं बटण लावलं. गिरगावातल्या आपल्या त्याच दोन खोल्यांत आम्ही दोघं आहोत, मी आणि तुमची सून, जिला तुम्ही पाहिलं नाहीत. इमारतीला खालपासून वरपर्यंत लाकडी टेकू दिलेत. कुठे खुट्ट झालं की मी भिंतीला हात लावून बघतो. आता ती पाडून नवी बांधायची आहे, तोवर सगळ्यांना अँटॉप हिलला संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या. आमची चौथ्या मजल्यावर आली. लिफ्ट आहे, चालत नाही. हिचे गुडघे गेलेत. गणपतीपासून ही या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. गॅलरीतून भाजीवालीशी भांडते आणि दोरीनं टोपली वर ओढून घेते. तिला फक्त तळमजला हवा होता. रस्त्याला एकदा पाय लागू दे, मग मेले तरी चालेल, म्हणते. मला धास्ती वेगळीच. चौथ्या मजल्यावर एकदा खुर्चीत बसवून नेली, की तिथून ती उतरेल ती चौघांच्या खांद्यावरच.

या सगळ्यात तुम्ही आठवता ते दिवाळीतले. जिल्ह्याच्या गावातला बंगला आहे, मी पायरीवर बसलोय. सावकार, इनामदार, ठेकेदार यांच्याकडून फळांच्या टोपल्या येतायत. सणाला अधिकाऱ्याकडे पाठवायच्या या भेटीला डाली म्हणायचे. फळं घ्यायला इंग्रजाची मनाई नव्हती. तरी तुम्ही प्रत्येक टोपलीतून एकच फळ उचलता, देणाऱ्याचा मान राहावा म्हणून, आणि टोपली परत पाठवता. एकदा द्राक्षांचा घोस आला. मी विचारलं, भाऊ, हे एक फळ धरायचं का? तुम्ही एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवलात.

मग तुमची मुंबईला बदली झाली, आपण या खोल्यांत आलो आणि झेंडा बदलला. तुमचा गोरा साहेब बोटीवर चढला आणि तुम्ही नेहमीच्या वेळी, नेहमीचाच कोट घालून कचेरीत गेलात. आई घाबरली होती. चळवळीत ज्यांना तुम्ही आत टाकलं होतंत, तेच आता तुमच्या वर बसणार होते. तिनं विचारलं, आता तुम्ही कोणाचे नोकर? तुम्ही म्हणालात, "लोकांचा. कालही त्यांचाच होतो, बोलायची सोय नव्हती." हे खरं होतं की तेव्हाच सुचलं, मला अजून कळलेलं नाही. पुढे तुमच्याच सहीनं तुरुंगात गेलेला एकजण मंत्री होऊन समोर आला. तुम्ही त्याला साहेब म्हणालात आणि सवयीनं तोही तुम्हाला साहेब म्हणाला, असं तुमचा पट्टेवाला घरी येऊन सांगायचा. दिवाळीला टोपल्या आल्याच, पहिल्यापेक्षा मोठ्या. आई म्हणाली, टोप्या बदलल्या, टोपल्या त्याच. तुम्ही हसलात आणि एक संत्रं उचललंत.

मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो तेव्हा तुम्ही सचिवालयात फार वर होतात. एका गिरणीमालकानं डालीबरोबर निरोप धाडला, मुलाला आमच्या हापिसात चिकटवतो. तुम्ही एक फळ ठेवलंत, आणि निरोप टोपलीबरोबर परत केलात. मला समोर उभं करून म्हणालात, "माझं नाव घेऊन कुणाच्या दारात उभा राहू नकोस." मारलं असतंत तर विसरलो असतो. शेवटी शेजाऱ्याच्या ओळखीनं परळच्या गिरणीत स्टोअरला लागलो आणि तिथेच, बॉबिनांच्या पेट्या उचलून देण्यात, जन्म गेला.

तर तळमजला मागायला गेलो, ती कचेरी तुमचीच जुनी निघाली. भिंतीवर लाकडी फळी आहे, साहेबाच्या खुर्चीवर बसून गेलेल्यांच्या नावांची. वरच्या ओळींत इंग्रज, खाली आपले, आणि मध्ये तुम्ही, दोन्ही राज्यांतले एकटे. मी बरोबर त्या फळीखालच्या बाकावर. तुमचं नाव सांगावं की न सांगावं, हेच घोळवत होतो. हिनं निघताना बजावलं होतं, सांगा, त्यात चोरी कसली? पट्टेवाल्यानं नाव पुकारलं. आत अधिकारी बाई, नातीच्या वयाच्या. त्यांनी उघड्या दारातून फळीवरच्या तुमच्या नावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते तुमचे कोण?"

"कोणी नाही. आडनाव एक आहे."

"आजोबा, मधलं नावही तेच आहे."

आत्ताच तर पट्टेवाल्यानं अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं माझं पूर्ण नाव ओरडून सांगितलं होतं. माझ्या नावाच्या मधोमध तुम्ही जन्मापासून बसलेले, आणि मी तुम्हाला नाकारायला निघालो. पट्टेवाला तोंड फिरवून हसला. बाई हसल्या नाहीत. तळमजल्याच्या सगळ्या खोल्या दिल्या गेल्यात, त्यात एक लुळा मुलगा आहे, एक आंधळी म्हातारी आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला द्यायची तर कोणाची काढू?"

तुम्हीही हेच विचारलं असतंत. मी म्हटलं, कोणाचीच नको.

आज सकाळी त्याच बाई तीन जिने चढून घरी आल्या. तुमचा फोटो बघायचा होता त्यांना. हिनं चहा केला आणि लिफ्टचं तेवढं बघा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, मागे लागलेय, पण खोटं वचन देत नाही. निघताना त्यांनी संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मी तिच्यात हात घातला आणि पिशवी परत केली.

"आजोबा, फळंच आहेत."

"म्हणून तर एक ठेवलं," मी म्हणालो.

त्यांची पावलं जिन्यावर विरली. तशी हिच्या तोंडात लालबागच्या माहेरचं मालवणी आलं. "मामंजी गेले, पण तुमका सोडूक नाय." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. परवा खुर्ची घेऊन माणसं येणार आहेत.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. खालच्या टेकूच्या फटीत खोचून ठेवीन, इमारतीबरोबर जाईल. एक तेवढं सांगायचं राहिलं. मी त्या बाईंना एक म्हणालो, पण पिशवीतून दोन काढली होती. दुसरं हिच्या ओटीत ठेवलं. आत्ता ती गॅलरीत बसून ते सोलतेय आणि साली एकेक करून खाली रस्त्यावर टाकतेय.