टेबलावरच्या कापडातला सुटलेला धागा

रविवार, १२ जानेवारी. कामतघर, सायंकाळ.

दोन दिवसांची नाशिकची सहल करून आताच परतलो. थंडी फार छान होती, असे घरातील सर्वांचे म्हणणे. माझे नाही.

काल दुपारी तेथील मोठ्या हॉटेलात जेवावयास बसलो. टेबलावरच्या पांढऱ्या कापडात एक आडवा धागा सुटलेला होता. चाळीस वर्षे माग चालविले. बोटांना आपोआप कळते. मी कड उलटून पाहू लागलो, तोच वेटर धावत आला. "काय झालं काका, डाग आहे का?"

मी उत्तर देण्याआधीच आमचे चिरंजीव सुनील बोलले, "सॉरी हां, बाबांना सवयच आहे. गावाकडचे आहेत."

सॉरी कशाबद्दल? मी सांगितले होते काय माफी मागावयास? ज्या मागावर याचे शिक्षण झाले, त्याचीच लाज? आणि धागा सुटला होता की नव्हता?

आज सकाळी नाश्त्याला त्याने मुद्दाम काचेचे टेबल निवडले. "इथे बसा बाबा, इथे कापड नाही." सूनबाई हसल्या. मी चहासुद्धा घेतला नाही.

निघताना नात तन्वी हळूच म्हणाली, "आजोबा, सुटलेला धागा दिसतो कसा?" सुनील पुढे जिना उतरत होता. त्याच्या नव्या, महागड्या शर्टाच्या पाठीवर अगदी तोच दोष. मी बोट दाखविले. तिने तोंडावर हात ठेवला.

त्याला सांगणार नाही. उद्या तोच शर्ट घालून ऑफिसात जाणार आहे म्हणे. खुशाल जावो.