सहाशेची लेन्स आणि दुधरामकाकांची बांधी

२७ जुलै

ठरलं! लेन्स घ्यायची तर लांबचीच. दीडशे-सहाशे मिलिमीटरची. मोनूदादा सकाळपासून डोकं खाऊन राहिला — "पगली, सत्तर-दोनशे ले ले. कबड्डीचं काम तिच्यावरच होते. सारसाचे फोटो कोण घेते तुझ्याकडून?" स्टुडिओ आम्हा भावाबहिणीचा, बचतही दोघांची. लेन्स एकच येणार. पण मी हटणार नाही.

२९ जुलै

दादाने हट्टाने नागपूरहून सत्तर-दोनशे भाड्याने आणली. आज तालुक्याच्या कबड्डीत वापरली. खोटं कशाला लिहू — मस्तच आहे! हॉलमध्ये उजेड नावाला, तरी चढाईवरच्या पोरीच्या कपाळावरचा घाम दिसतो. सहाशेवाली अशा अंधारात हात टेकेल, हे मलाही कळते. दादा जिंकल्यासारखा हसून राहिला. हसू दे.

३० जुलै

तीच लेन्स घेऊन दुधरामकाकांच्या शेताच्या धुऱ्यावर गेले. सारसाची जोडी यंदाही त्यांच्याच बांधीत. धानाच्या मधोमध, पाण्यात घरटं. दोनशेवर पक्षी दिसतो केवढा? बोटाच्या पेराएवढा! दादा म्हणतो, "थोडी जवळ जा ना मग."

नाही जाणार! मागच्या साली गेले होते, पंधरा पावलांवर, तीन दिवस. चौथ्या दिवशी घरटं मोडलेलं, दोन्ही अंडी फुटलेली, जोडी गायब. माझ्यामुळे. काकांना तसं रडत सांगितलंही. ते गवत कापत राहिले. जिल्ह्यात सारस उरले किती, अन् त्यांची दोन अंडी मी घालवली! यंदा शंभर पावलांच्या आत पाय नाही टाकणार.

२ ऑगस्ट

दादाशी भांडण. "कायले एवढा जीव काढून राहिली एका पक्ष्यापायी?" शेवटी तोडगा मीच काढला — कबड्डीला आपली जुनी पंच्याऐंशीची लेन्स. मॅटच्या अगदी काठावर बसीन, लाथा खाईन, पण फोटो देईन. दादाने बचतीचे पैसे पुन्हा मोजले. मग — "चल, ले ले. पण मग रडू नको."

११ ऑगस्ट

आली!! दोन किलोची धोंड. हात भरून आले, तरी खाली ठेववत नाही.

१३ ऑगस्ट

दिवसभर झड. ट्रायपॉड ओला, मी ओली, फोटो सगळे हललेले. शटरचा वेग वाढवायचा. उजेड कमी पडून फोटोत दाणे आले तर येऊ दे.

१९ ऑगस्ट

मादी उठली अन् अंडी दिसली. दोन! काका धुऱ्यावरच होते. म्हटलं, या, बघा. त्यांनी डोळा लावला तो काढेचनात. मग खाली बसले.

"नीतू, मागच्या साली तुझ्यानं नाही झालं वं. युरिया टाकाचा होता, म्हून मीच बांधीचं पाणी बाहेर सोडलो. पाणी गेलं, अन् कुत्रे सरळ घरट्यावर गेले. तू आपल्यावर घेतलीस. मी घेऊ देलो."

वर्षभर! वर्षभर हा माणूस गप्प! फोटो न काढताच निघाले, घरी येऊन भोकाड पसरलं. दादा विचारून थकला.

उद्या पाच वाजता परत जाणार. यंदा त्या बांधीचं पाणी कोण सोडते, बघतेच मी.