दीड गोळी आणि एक शिंक

चि. भावोजींस वहिनीचा आशीर्वाद, रागासकट.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहावे लागत आहे. तुमची सर्दी, गुडघा आणि रुसवा यांपैकी काय काय उतरले ते कळवा.

तुमच्या भावाचे हृदय मध्यंतरी थांबून पुन्हा सुरू झाले, तेव्हापासून त्यांचे हातपाय आपोआप झटके देतात, हे तुम्ही पाहिलेच. (काही करायला गेले की झटका येतो, स्वस्थ बसले की नाही. जन्मभर स्वस्थ बसलेल्या माणसाला आता काम करावेसे वाटते, तर हे असे.) पहिल्या गोळीने झटके थांबले, पण माणूसही थांबला. व्यायामाच्या बाई यांचा हात उचलायच्या आणि हे घोरायचे. मग दुसरी गोळी आली. तिने जाग आली, हात ताळ्यावर आला, पण हे मला उलट बोलू लागले. डॉक्टरांनी विचारले, चिडचिड वाढली आहे का? मी म्हटले, आधी किती होती ते माहीत नाही, आमच्या घरी यांना तशी संधी मिळालेली नाही. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरी गोळी सकाळची एकच ठेवली आणि पहिलीची अर्धी रात्री परत दिली. अशी माणसे मला आवडतात.

तेव्हापासून हे जागे आहेत, सभ्य आहेत, आणि कप स्वतःच्या हाताने तोंडाला लावतात. डॉक्टरांचे आणि बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. पहिल्यांदा कप ओठाला लागला तेव्हा मी खिडकी पुसायला घेतली. (खिडकी स्वच्छ होती.)

अशात तुम्ही इस्पितळात भेटायला आलात आणि शिंकलात. तुम्ही शिंकलात की शेजारी आपलेच दार वाजले म्हणून उघडायला धावतात, तिथे यांचा काय पाड? हात उडाला, सूप बाईंच्या अंगावर, चमचा पलंगाखाली. "भावाला भेटायला येता की परत वर पाठवायला?" असे मी बोलले. ते शब्द मागे घेते. तुम्हांला बाहेर काढले, ते मात्र बरोबरच होते.

तुमची वहिनी

ता. क. डॉक्टर म्हणतात, शांत खोलीत कप धरणे हे निम्मेच काम. घरी दार आपटेल, भांडे पडेल. त्यात निभावले तरच घरी सोडतील. बाईंनी ट्रे आपटून पाहिला, पण हे आधीच डोळे मिटून तयार बसतात. तुमच्या शिंकेची पूर्वसूचना नसते. तरी गुरुवारी सकाळी यावे, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

आणखी एक. ते डॉक्टरांचे म्हणणे नाही. तुमचा भाऊ म्हणाला, "तो येणार नसेल तर मला घरी कशाला नेतेस?" हे गोळीमुळे बोलले का, म्हणून मी डॉक्टरांना विचारले. ते नाही म्हणाले. तेव्हा सर्दी नसली तरी या.

सोबत, वॉर्डबॉयच्या हाती: तुम्ही विसरलेले चष्म्याचे घर एक, मफलर एक. मफलरची घडी तुमच्या भावाने घातली आहे. मी ती नीट केलेली नाही.