डाव्या पायाचा ब्रेक

१७ नोव्हेंबर, रविवार
ही वही डॉक्टरीणबाईंनी शुगर लिहायला दिली. तीन रकाने आहेत. तारीख, शुगर, शेरा. शुगरचा रकाना फार अरुंद आहे. शेऱ्याचा ऐसपैस आहे, तोच वापरायचं ठरवलं.

काल त्यांनी मला डोळे मिटायला लावले. तळपायाला टोकदार काडी लावते, जाणवली की हो म्हणा. मी चार वेळा हो म्हणालो, अगदी वेळेवर. त्या म्हणाल्या, काका, मी अजून सुरूच केलं नाही. आजकालच्या डॉक्टरांच्या कामाला उरकच नाही. पायाला संवेदना नाही म्हणे, कायम बूट घाला. बघू.

संकल्प: १२ डिसेंबरला लग्नाला पस्तीस वर्षं होतात. त्या दिवशी अरुंधतीला बुलेटवर मागे बसवून भोकरदनला न्यायचं, तिच्या माहेरी. तिथून याच गाडीवर तिला आणलं होतं.

१९ नोव्हेंबर
गाडी गेटवर धडकली. थोडीशीच. या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, आजच्या पोरांना हे माहीतही नसतं. मला माहीत आहे. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. म्हणजे ब्रेक ढिला. साधं लॉजिक.

अरुंधती दारातून बघत होती. म्हणाली, अहो, तुमचा पाय ब्रेकवर नव्हताच, बाजूला लोंबत होता. तिला गाडीतलं काही कळत नाही. गाडी नीट थांबेपर्यंत मागे बसणार नाही, हवं तर लिहून देते, असंही म्हणाली.

२१ नोव्हेंबर
ब्रेक ॲडजस्ट केला. मागच्या चाकाजवळ रॉडच्या टोकाला एक नट असतो. तो आवळला की ड्रमच्या आतले लायनर जवळ येतात. चाक हाताने फिरवायचं, लायनर घासल्याचा आवाज आला की नट दोन आटे मागे घ्यायचा. मी मागे न घेता तीन आटे पुढे गेलो. सेफ्टी.
चाक आता हाताने फिरतच नाही. याला म्हणतात ब्रेक.

२२ नोव्हेंबर
गाडी पिकअप घेईना. स्टेशनला जाऊन येईपर्यंत ड्रम इतका तापला की पाणी शिंपडलं तर चर्र झालं. हल्ली पेट्रोल हलकं येतं. नट ढिला केला, पण तो वेगळ्या कारणासाठी.

२५ नोव्हेंबर
एका ऑटोला मागून लागलो. ऑटोवाला ओरडला, ओ काका, ब्रेक मारा ना! मारला होता, म्हणालो. तो खाली पाहून म्हणाला, मंग चप्पल कुठाय तुमची?
डावी चप्पल वीस फूट मागे रस्त्यात पडली होती. अंगठा सैल झाला असणार. चपलेचा.
बूट घेतले. डॉक्टर म्हणाल्या म्हणून नव्हे, ब्रेक नीट दाबता यावा म्हणून.

२८ नोव्हेंबर
नाइलाजाने शहरातच मस्तगडला, बुद्धभूषण मिस्त्रीच्या दुकानात गेलो. आधी त्याचे वडील ही गाडी बघायचे. त्याने ड्रम उघडला, लायनर पाहिले, बंद केलं, चक्कर मारून आला. म्हणाला, काका, लायनर बराबर हाय, ड्रम बराबर हाय. म्या तीनदा जाऊन आलो, एका दाबात थांबून राह्यली. खर्चा काही न्हाई. तुमी जल्दी पाय दाखवा डॉक्टरला.

मिस्त्री डॉक्टरकडे पाठवतो, डॉक्टर बुटाच्या दुकानात. स्वतःचं काम कोणालाच नको.

३० नोव्हेंबर
स्वतःच करायला घेतलं. अंगणात गोणपाट पसरलं, बूट काढून शेजारी ठेवले, चाक उतरवलं. लायनरवर पॉलिश पेपर फिरवला. नट हरवू नये म्हणून सुरक्षित जागी ठेवला. पद्धतशीर माणसाचं काही हरवत नाही.

मध्येच बुद्धभूषण आला. गाडीचं साइड कव्हर त्याच्याकडे राहिलं होतं, ते द्यायला. दोन मिनिटं थांबला, गोणपाटाकडे पाहून हसला. का हसला, कळलं नाही. जेवायची हाक आली, बाकी उद्या.

१ डिसेंबर
नट सापडत नाही. गोणपाट झटकलं, पेटी उपडी केली, कुंड्या हलवल्या, अरुंधतीचे मसाल्याचे डबेसुद्धा पाहिले. ती म्हणाली, डोक्यात पाहा. विनोदाची ही वेळ नव्हे.
बुद्धभूषण हसला होता.

२ डिसेंबर
मस्तगडला चालत गेलो, गाडी उघडीच पडली आहे म्हणून. नवीन बुटांत पाय एकदम हलके. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोरच म्हणालो, असली, कंपनीचा नट हल्ली मिळत नाही, एखाद्याला मोह होतो.

बुद्धभूषणने फडकं उचललं. हात पुसत राहिला. मग म्हणाला, काका, माझ्या बापानं वीस वर्सं तुमच्या गाडीला हात लावला. एक स्क्रू तरी कमी झाला का? त्याने डब्यातून नवा नट काढून माझ्या हातावर ठेवला. पैसे घेतले नाहीत.
म्हणजे गुन्हा कबूल.
चालतच परत आलो.

४ डिसेंबर
नवा नट बसवला. ब्रेक अजून तसाच, म्हणून तर असलीच लागतो. थंडी आहे, मोजे घालूनच झोपतो. रोज पाच हजार पावलं चालतो आहे, डॉक्टरीणबाईंना दाखवून देऊ.
घरात वास येतो. लायनर जळाल्याचा. अरुंधती म्हणते, हा गाडीचा वास नाही.

५ डिसेंबर, सकाळी
दाराशी डाव्या बुटापर्यंत मुंग्यांची रांग. अरुंधतीने साखर सांडली असेल. ती म्हणाली, या घरात साखर येऊन दोन वर्षं झाली. मुंग्या झटकल्या आणि फिरायला गेलो. सात दिवस हातात आहेत.

६ डिसेंबर
अरुंधतीने बूट उपडा केला. नट फरशीवर पडला. टणकन वाजला.
मग तिने माझा मोजा काढला. काढला म्हणजे सोडवला.
ती ओरडली नाही. विचारलं, अहो, दुखलं नाही का हो?
मी म्हणालो, नवीन बूट थोडे लागतातच.
ती बराच वेळ माझा पाय मांडीवर घेऊन बसली. हात फिरवत होती बहुतेक. मी पाहिलं तेव्हा कळलं.

८ डिसेंबर, दवाखाना
सलाइन. अंगठा काळा पडलाय, उद्या काढावा लागेल. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, बाराला भोकरदनला जाता येईल ना? साठ किलोमीटर फक्त, आणि मी हळूच चालवतो. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मग अरुंधतीचा.
तेराला गेलो तरी चालेल.

१२ डिसेंबर
अरुंधती काल मस्तगडला गेली होती. नट घेऊन. तिने तिथे काय सांगितलं, मी विचारलं नाही.

दुपारी खिडकीतून ओळखीचा आवाज आला. बुद्धभूषण माझी गाडी चालवत होता. मागे अरुंधती बसली होती, लग्नातल्यासारखी एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा. दवाखान्याच्या गेटपाशी कुत्रं आडवं आलं. गाडी एका दाबात थांबली. तिचा डबासुद्धा हलला नाही.

वर येऊन बुद्धभूषण कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. पांघरुणाकडे पाहायचं टाळत म्हणाला, काका, असलीच नट लावलाय. घरी आल्यावर पाहून घ्या.
त्याची माफी मागायची, हे मी सकाळपासून ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं.
मी म्हणालो, आवळल्यावर दोन आटे मागे घेतलेस ना?
घेतले काका, म्हणाला.

ते गेल्यावर नर्सकडून आकडा विचारून घेतला.

तारीख: १२ डिसेंबर.
शुगर: २८६.
शेरा: डाव्या पायाची बोटं चार. ब्रेक पहिल्यापासून बराबर होता.